विळ्यांची भिंत

शहरातल्या गारखेड्यात आमच्या सरांच्या पडवीत एक भिंत होती. तिच्यावर देवाची तसबीर नव्हती की मुलांची प्रमाणपत्रं नव्हती. होते ते विळे, खुरपी, सळया, एक मोडकं उलथणं आणि ट्रॅक्टरचा कुठला तरी तुकडा, ज्याचं नाव मला आजही सांगता येणार नाही. नवीन माणूस आला की त्याला वाटायचं, हे लोहाराचं घर आहे. सरांना याचा फार आनंद व्हायचा. काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, अजिबात नाही. "पाहुण्यांना चहा देताना मला या भिंतीकडे पाठ करून उभं राहावं लागतं," असं त्या आमच्या देखत म्हणायच्या.

सर जनावरांचे डॉक्टर. सरकारी नोकरीत सारा मराठवाडा पालथा घालून निवृत्त झाले, तेव्हा लोकांना वाटलं आता ते सकाळी फिरायला जातील, हास्यक्लबात जाऊन हात वर करून हसतील. त्यांनी एक जुनी जीप घेतली आणि आम्हा चार-पाच जनावरांच्या डॉक्टरांना पकडलं. प्रत्येकाला फोन करून एकच प्रश्न विचारला, "रविवारी काय करतोस?" मला विचारलं तेव्हा मी खरं ते सांगून बसले की काही नाही. पुढची कितीतरी वर्षं माझा एकही रविवार माझा राहिला नाही.

त्या वेळी माझा गारखेड्यातच छोटा दवाखाना होता, अजूनही आहे. आठवडाभर मी कुत्री-मांजरं बघायची. केस गळतात, जेवत नाही, सोफा कुरतडतो. रविवारी सकाळी सहाला सरांच्या फाटकाशी जीप उभी असायची. तिच्यात आयोडीन, ओले दोर आणि काकूंनी दिलेल्या मेथीच्या पराठ्यांचा एकत्र वास यायचा. तो वास मला आज कुणी बाटलीत भरून दिला तर मी उशाशी ठेवीन. जालना रोडनं निघायचं, शेंद्र्याच्या कंपन्या मागं टाकायच्या, करमाडला उतरून चहा घ्यायचा आणि मग आत कुठल्या तरी वस्तीवर. सर वाटेत भूपाळ्या म्हणायचे. आवाज वाईट होता, पण गाडी त्यांची होती.

आम्ही फुकट औषधं द्यायचो, लसी टोचायचो, खांदे सुजलेल्या बैलांना मलम लावायचो. पण सरांचं खरं भांडण डागण्याशी होतं. बैल लंगडला, तापवलेल्या विळ्यानं डाग. खांद्याला गाठ आली, डाग. वासराचं पोट बिघडलं, त्या एवढ्याशा जिवाच्याही पोटावर डाग. नोकरीत असताना त्यांनी भाजलेल्या कातडीखाली अळ्या पडलेली जनावरं इतकी पाहिली होती की नुसता विषय निघाला तरी त्यांचे कान लाल व्हायचे. कुणाच्याही दारात औषधपाणी झालं की ते हात जोडायचे आणि म्हणायचे, "तुमचा डागायचा विळा मला द्या. परत डागणार नाही असा शब्द समजून द्या." लोक द्यायचे. तो विळा गारखेड्याच्या भिंतीवर जायचा.

आता यातली गंमत सांगते. विळा दिला की डॉक्टर खूश होतात आणि आपलं जनावर आधी बघतात, हे गावांच्या लवकरच लक्षात आलं. मग काय विचारता! जीप दिसली की घराघरातून लोखंड बाहेर निघायला लागलं. मोडके, बोथट, अडगळीतले. ते उलथणं तसंच आलेलं. ट्रॅक्टरच्या त्या तुकड्यानं कुणी कसं काय डागलं असतं, हे मी सरांना विचारलंही होतं. एकदा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सर, या घरानं हा तिसरा विळा दिलाय. हे लोक आपल्याला सरळसरळ बनवतात."

"बनवू दे," सर म्हणाले. "तीन वेळा कबूल तर केलं."

मला हे पटायचं नाही. माझा स्वभाव मुळात तापट. खोटं बोललेलं कळलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. मी भांडायची, सर हसायचे. अशी आमची वाटणी होती.

करमाडच्या आत, ओढ्यापलीकडं पाच-सहा घरांची एक वस्ती होती. पूर्वी मेंढरं घेऊन फिरणारी माणसं, आता बसकण मारलेली. थोडी मेंढरं, थोडी जमीन, आणि घरटी एक माणूस शेंद्र्याला कंपनीत रोजानं. तिथं एक बाई होती, साठीच्या आसपासची, उंच, हाडांनी मजबूत. डागण्यात तिचा हातखंडा. आजूबाजूच्या वस्त्यांवरून लोक जनावरं घेऊन तिच्याकडं यायचे. सरांच्या दृष्टीनं ती म्हणजे या कामातली मुख्य कचेरीच.

पहिल्यांदा गेलो तेव्हा सरांनी तिच्यासमोर हात जोडून नेहमीचं वाक्य म्हटलं. ती ताडकन म्हणाली, "नाय देनार."

"का मावशी?" मी विचारलं.

"तुमच्या अवषदानं नाय बरं झालं तर म्या डागनारच हाय. मंग इळा दिऊन खोटं कशाला बोलू?"

परतताना सर जीपमध्ये भूपाळी विसरून गेले. "आज खरं माणूस भेटलं," ते दोनदा म्हणाले. मलाही ती बाई आवडली, पण मी तसं बोलले नाही. कारण तिनं मला शेवटी विचारलं होतं, "डाक्टरीनबाई, तुमी कुत्र्याच्या डाक्टर ना?"

तिच्या दारात एक तांबडा बैल होता. त्याची आई तो चार दिवसांचा असताना गेली आणि या बाईनं त्याला शेळीच्या दुधावर वाढवला. त्यामुळे तो स्वतःला बैल समजत नसे. ती भाकरी थापायला बसली की दारातून मुंडकं आत घालून उभा राहायचा. त्याच बैलाचा मागचा डावा पाय धरत होता. गुडघ्याची वाटी वर चढून अडकायची, पाय काठीसारखा ताठ व्हायचा, खूर मातीत रेघ ओढत यायचा आणि मग एक झटका बसून पाय सुटायचा. दर पावलाला हेच. असा बैल औताला चालत नाही. घरात बोलणं झालेलं होतं. मुलगा म्हणत होता, येत्या बाजाराला विकून टाकू. आई म्हणत होती, अजून एकदा डागून बघू. लंगड्या बैलाला बाजारात कोण घेतं आणि कशासाठी घेतं, हे तिला ठाऊक होतं. सगळ्यांनाच असतं.

या दुखण्याला एक छोटी शस्त्रक्रिया आहे. वाटीला धरून ठेवणाऱ्या तीन दोऱ्या असतात. त्यांतली आतल्या बाजूची कापली की वाटी अडकायची थांबते. जागा बधिर करायची, बोटभर चीर, आतून दोरी कापायची, एक-दोन टाके. बैल उठतो आणि चालायला लागतो. आमच्या सगळ्या धंद्यात इतकं लगेच दिसणारं दुसरं काही नाही. सरांनी बाईला सांगितलं, पुढच्या रविवारी करू, तोवर डागू नका. ती म्हणाली, "आठ दिस थांबते. त्याच्या म्होरं नाय. बाजार त्याच्या दुसऱ्याच दिशी हाय."

पुढच्या रविवारी आम्ही गेलो, तर अंगणात शेणी पेटलेल्या आणि त्यात विळ्याचं पातं तापत ठेवलेलं. मी पाहिलं आणि पेटलेच. "हे काय मावशी? आपलं ठरलं होतं."

"ठरलंय तेच हाय. तुमचं करून बगा. बैल नाय चालला तर लगोलग माझं. दोर बी हायेत, मानसं बी हायेत."

सरांचा हात त्या सुमारास वयानं थरथरायला लागला होता. ते मला म्हणाले, "तू कर, तुझा हात चांगला आहे," आणि पलीकडच्या वाड्यातल्या मेंढरांना जंताचं औषध पाजायला गेले. जाताना म्हणाले, "पायाला रंग लाव." हा त्यांचा नेम होता. जनावर पाडण्याआधी, ते उभं असतानाच, दुखऱ्या पायाला जांभळ्या औषधाचा ठळक पट्टा ओढायचा. मी मनात म्हणायची, काय हा बाळबोधपणा, आम्ही काय पहिलीत आहोत? त्या दिवशी मी बाटली काढलीसुद्धा होती. मग त्या पेटलेल्या शेणी दिसल्या आणि मी बाटली दगडावर ठेवून भांडायला गेले.

आमचं भांडण रंगलं. मी म्हणत होते, आग विझवा. ती म्हणत होती, तुमी तुमचं बगा, माझ्या चुलीत नाक घालू नका. तिकडं मुलानं आणि शेजारच्या दोघांनी दोर लावून बैल पाडला, पाय बांधले आणि मला हाक मारली. मी रागातच येऊन बसले.

इथं एक बारीक गोष्ट आहे. दोरी पायाच्या आतल्या बाजूला असल्यामुळे दुखरा पाय खाली, जमिनीकडं यावा असा बैल पाडतात. वरचा पाय बाजूला ओढला की खालच्याची आतली बाजू समोर येते. आम्हाला हे इतकं अंगवळणी पडलेलं की खालचा पाय म्हणजेच दुखरा पाय. पण त्या मुलानं काय केलं, दुखऱ्या पायावर बैलाचं वजन नको म्हणून मायेनं तो पाय वर ठेवला. कुणीही शहाणा माणूस तेच करील. आणि मी खालचा पाय चाचपला, बधिर केला, चीर दिली, दोरी कापली. टाका घातला. हात सुंदर चालला होता. मी म्हटलं, "सोडा."

बैल उठला. झटकून उभा राहिला. एक पाऊल टाकलं आणि मागचा डावा पाय पुन्हा काठीसारखा ताठ. मातीत रेघ. झटका. मी खाली वाकले. डाव्या पायावर ना टाका, ना रक्त. टाका उजव्या पायावर होता. चांगल्या पायावर.

मुलगा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या बाई. बाजारच बरा." आणि आई आगीकडं वळली.

त्या क्षणी मी काय विचार केला, हे मला नीट आठवतं. चूक झाली म्हणाले असते, तर त्यांनी मला दुसऱ्या पायाला हात लावू दिला नसता. मग आधी विळा लागला असता आणि दुसऱ्या दिवशी बाजार. हे खरं आहे. पण मला माझंही तोंड वाचवायचं होतं, तेही तितकंच खरं आहे. कोणतं किती, हे मी इतक्या वर्षांत ठरवू शकले नाही. मी मोठ्यानं, अगदी ठामपणे म्हणाले, "थांबा, अजून झालेलं नाही. याचे दोन्ही पाय करावे लागतात. एक झाला, आता दुसरा. या कुशीवर पाडा."

बाईनं वळून माझ्याकडं पाहिलं. "आदी नाय बोलल्या तसं."

"तुम्ही बोलू दिलंत का?" मी तोंड वर करून म्हटलं. भांडणाचा असाही उपयोग.

बैल पुन्हा पडला, दुसऱ्या कुशीवर. यावेळी मी कापण्याआधी तीनदा बघितलं. दोरी कापली गेली तेव्हा बोटाला जो हलका झोल लागतो, तो लागला. सोडला. बैल उठला आणि उभाच राहिला. मग एक पाऊल. मग दुसरं. मग, जसा काही कधी लंगडलाच नव्हता तसा, अंगण ओलांडून सरळ तिच्या दाराशी गेला आणि मुंडकं आत घातलं.

ती बाई जागच्या जागी बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मुलगा बैलाच्या मागं मागं चालत त्याच्या पायाकडं बघत राहिला. शेजारचे लोक मला म्हणाले, "हात लई गुनाचा हाय." असं माझं कौतुक आयुष्यात पुन्हा कुणी केलं नाही आणि कुठलं मला इतकं टोचलंही नाही.

सर आले. बैल चालताना पाहिला, खूश झाले. मग खाली वाकून त्यांनी दोन्ही गुडघे पाहिले. दोन टाके. दगडावर ठेवलेली झाकण न काढलेली बाटली पाहिली. माझ्याकडं पाहिलं.

"दोन्ही केलेस?"

"हो सर."

"बरं," ते म्हणाले.

आम्ही जीपमध्ये बसत होतो तेव्हा ती बाई घाईघाईनं आली. हातात फडक्यात गुंडाळलेला विळा. सरांच्या पुढं धरून म्हणाली, "घ्या. बैल चालला. आता मला बोलाया तोंड नाय." सरांनी तो दोन्ही हातांनी घेतला. त्यांचे डोळे भरून आले होते. खोटे विळे हसत घेणारा हा माणूस, खरा विळा हातात पडल्यावर तो पुन्हा पुन्हा फडक्यात गुंडाळत राहिला. घरी आल्यावर त्यांनी तो इतरांत मिसळू दिला नाही. वेगळा खिळा ठोकला आणि दारासमोर, येता-जाता दिसेल असा टांगला. काकूंनी कपाळाला हात लावला. छान विळा होता, तेल प्यालेली काळी मूठ, धारेवर चमक. मी त्या पडवीत शेकडो वेळा चहा प्याले, पण त्या खिळ्याकडं तोंड करून कधी बसले नाही. काकूंसारखीच पाठ करून बसायला शिकले.

सरांनी मला त्याबद्दल कधीच काही विचारलं नाही. मात्र त्या दिवसानंतर प्रत्येक जनावर पाडायच्या आधी ते स्वतः येऊन जांभळ्या औषधाची बाटली माझ्या हातात द्यायचे. झाकण उघडून. मी रंग लावेपर्यंत उभे राहायचे. वर्षानुवर्षं, न चुकता. यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

टाके बघायला मी त्या वस्तीवर आमच्यातल्या दुसऱ्या डॉक्टरला पाठवलं. तो सांगत आला, बैल औताला चालतो, उजवा पाय थोडा सुजला होता, उतरला. पुढंही त्या वाटेला जायचं झालं की मला नेमकं काही तरी काम निघायचं. असं मी किती रविवार केलं, ते सरांना कळत असणारच.

मग एकेक करत ते दिवस संपले. कुणी पुण्याला गेलं, कुणाच्या गुडघ्यांनी जीपमध्ये चढायला नकार दिला. करमाडचा तो चहावाला गेला. शहराचं नाव बदललं. जीप विकली तेव्हा सर फाटकापर्यंत तिला सोडायला आले. आणि दोन पावसाळ्यांपूर्वी सरही गेले. शेवटच्या महिन्यात मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडं जायची. सांगायचं ठरवून जायची आणि मांजरांच्या गोष्टी सांगून परत यायची.

यंदा दिवाळीनंतर काकूंचा फोन आला. घर पाडून तिथं इमारत होणार होती. "तुमच्या सरांची ती भिंत," त्या म्हणाल्या, "भंगारवाला उद्या येतोय. तुला काही हवं असेल तर ने बाई." मी गेले. पडवीत सामानाची खोकी होती. इतकी वर्षं त्या भिंतीला नावं ठेवणाऱ्या काकू एकेक विळा काढून फडक्यानं पुसून खाली मांडत होत्या. भंगारात द्यायच्या वस्तू पुसून. मला तिथं थांबवेना. मी वेगळ्या खिळ्यावरचा तो विळा घेतला आणि पुढच्या रविवारी सकाळी सहाला, सवयीनं, करमाडची वाट धरली. विळा तिचा होता. माझ्या खोट्यावर आम्ही तो मिळवला होता. तिला सगळं सांगायचं आणि तो परत करायचा, एवढंच मनात होतं. ती जिवंत आहे की नाही, हेही ठाऊक नव्हतं.

वस्तीवर आता पत्र्याची घरं झालीत. ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. उंची तशीच, डोळे मात्र अधू झालेले. मी बोलायला लागले तसा तिनं कान दिला आणि म्हणाली, "त्या भांडकुदळ डाक्टरीनबाई ना तुमी?"

बैल गेला होता, दोन वर्षांमागं, म्हातारा होऊन. शेवटपर्यंत दारात मुंडकं घालायचा. बांधावरच्या लिंबाखाली पुरलाय, तिनं सांगितलं. मुलानं स्वतः खड्डा खणला.

मी तिच्यासमोर बसले आणि सांगून टाकलं. कूस चुकली, पाय चुकला, दोन्ही पाय करावे लागतात हे खोटं होतं. ती शेंगा फोडत राहिली. मग हात थांबले.

"म्हंजी चांगला पाय कापला तुमी."

"हो."

"आन माझ्या तोंडावर खोटं बोलल्या."

"हो मावशी."

"तवा सांगितलं आसतं तर म्या हात लावू दिला नसता."

"म्हणूनच सांगितलं नाही. आणि लाजही वाटली."

तिच्या चेहऱ्यावर राग होता आणि तो मला मिळायलाच हवा होता. मी पिशवीतून विळा काढला आणि तिच्यापुढं ठेवला. म्हटलं, "हा तुमचा. घ्या परत."

तिनं तो चाचपला. मुठीवरून बोटं फिरवली. आणि ती हसायला लागली. खांदे हलेपर्यंत हसली. "बाई, ह्यो माझा नव्हंच! ह्यो आमच्या जावेचा. मरंस्तोवर इचारत व्हती, माझा इळा कुनी न्हेला, माझा इळा कुनी न्हेला!"

मी बघतच राहिले. मूठ! ज्या विळ्याला आगीत घालायचं, त्याला लाकडी मूठ कोण ठेवील? ती जळून नाही का जाणार? ती मूठ इतकी वर्षं दारासमोर टांगलेली होती आणि आम्हा दोन डॉक्टरांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. की सरांच्या आलं होतं? त्यांचं काही सांगता यायचं नाही.

ती उठली, काठी घेऊन आत गेली. आढ्याच्या खालून काठीनं एक गाठोडं पाडल्याचा आवाज आला. ती ते घेऊन आली आणि माझ्यासमोर सोडलं. आत विळ्याचं नुसतं पातं. मूठ नाही, टोक मोडलेलं. आणि अंगभर गंज, जाड, पापुद्र्यांचा. हात लावला तर खपली हातात आली.

"ह्यो माझा. सासऱ्यानं दिल्याला. सायबाला नाय म्हनवंना, आन ह्यो द्याया जीव हुईना. मंग जावेचा दिला."

"मग नंतर कुणाला डागलंत?"

"ह्याला इचारा की," तिनं पात्यावर बोट आपटलं. "वापरातल्या इळ्याला आसा गंज येतो व्हय? लई लोकं आली. धाडून दिली दवाखान्यात. हातच उचलंना बाई. त्यो अंगनातून चालत आल्याला डोळ्यापुडं यायचा."

सरांच्या भिंतीवर शंभर विळे होते आणि त्यांतल्या बहुतेकांनी शब्द मोडला असणार. जो विळा त्यांना मिळालाच नाही, तो इथं आढ्याला गपचूप गंजत होता.

"सायबाला सांगा," ती म्हणाली, "खोटा इळा दिला म्हनावं म्हातारीनं. पन शब्द खरा हाय. येकदा घिऊन या त्यास्नी. दावते गंज."

'हो, सांगते' हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते. किती सोपे होते. मी म्हटलं, "सर गेले, मावशी. दोन वर्षं होतील."

तिनं पदर डोक्यावर नीट घेतला. शेंगांचं टोपलं बाजूला सारलं. मग ते गंजलेलं पातं फडक्यात पुन्हा बांधलं, दोन गाठी मारल्या आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"मंग ह्यो न्या," ती म्हणाली. "जितं व्हते तवा खोटा दिला. आता तरी खरा जाऊ द्या." जावेचा विळा तिनं ठेवून घेतला. घास कापायला चांगला आहे म्हणाली.

परत येताना करमाडला नव्या टपरीवर चहा घेतला. गारखेड्यात सरांच्या घराची पडवी तोवर उतरवली होती, भिंतीसकट. त्यामुळे ते पातं माझ्या दवाखान्यात आहे. मूठ नसल्यामुळे टांगता येत नाही, म्हणून जांभळ्या औषधाच्या बाटलीशेजारी फळीवर ठेवलंय. लोक विचारतात, मी सांगत नाही. ज्यांना सांगायला हवं होतं, त्यांच्या घरी मी महिनाभर रोज संध्याकाळी जात होते.